फडाचा पत्ता

आवडत्या गायकाचे घर, त्याचा स्टुडिओ, तो उभा राहिलेला चौक पाहायला लोक देशोदेशी हिंडतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पर्यटनाचा मोठा भाग बीटल्स या चौघांच्या नावावर चालतो. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची लहानपणीची घरे तिथल्या नॅशनल ट्रस्टने जपली आहेत आणि ती तिकीट काढून पाहता येतात. लंडनच्या ॲबी रोडवर १९६९ च्या ऑगस्टमध्ये या चौघांनी रस्ता ओलांडतानाचे छायाचित्र काढून घेतले. त्या ओलांडणीच्या पांढऱ्या पट्ट्यांना २०१० साली संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे ऋषिकेशला १९६८ मध्ये ते महर्षी महेश योगींच्या ज्या आश्रमात राहिले, तो पुढे ओसाड पडला होता. वनखात्याने २०१५ च्या अखेरीस तो लोकांसाठी खुला केला. पडक्या खोल्या आणि भिंतींवरची चित्रे पाहायला माणसे रांग लावतात. रस्त्यावरचे पट्टेसुद्धा स्मारक होऊ शकतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्मारकाला भिंत लागतेच असे नाही, जागा नेमकी ठाऊक असावी लागते.

आता तमाशाच्या रसिकाने हीच हौस करायची ठरवली तर त्याने कुठे जावे? हा प्रश्न मी गेली काही वर्षे धरून बसलो आहे. मी शहापूर तालुक्यात राहतो, कुठल्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही, आणि तमाशाशी नाते आले ते कॅसेटींमधून. काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ आमच्या घरी टेप झिजेपर्यंत वाजला. विठाबाई नारायणगावकर मात्र मला मिळाल्या त्या आधीच्या पिढीच्या बोलण्यातून. त्यांच्याविषयी बोलताना आमच्याकडची म्हातारी माणसे गाण्याआधी जागा सांगतात, म्हणजे तंबू कुठे होता, आपण कुठे बसलो होतो आणि घरी परतताना कोणत्या नाल्यात पाणी होते. तमाशावरच्या पुस्तकांत हे सापडत नाही, म्हणून हा लेख.

मराठीत तमाशावर लिहिले गेले नाही असे मुळीच नाही. वि. कृ. जोशी यांच्या ‘लोकनाट्याची परंपरा’पासून रुस्तुम अचलखांबांच्या ‘तमाशा लोकरंगभूमी’पर्यंत गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग यांची मांडणी झाली. योगिराज बागुलांनी विठाबाईंचे चरित्र लिहिले. संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या छायाचित्रांच्या पुस्तकाने तर तंबूच्या मागची बाजू दाखवली, आणि माझ्या मते ते पुस्तक अनेक शब्दबंबाळ प्रबंधांपेक्षा अधिक सांगते. तरीही अभ्यासकांची नजर एकंदरीत बोर्डावर खिळलेली राहिली. वगात काय बोलले गेले, लावणी कुणाची, सोंगाड्याची हजरजबाबी परंपरा कुठून आली, हे विचारले गेले. तो बोर्ड कोणत्या जमिनीवर, कोणाच्या परवानगीने आणि गावाच्या कोणत्या अंगाला उभा होता, हे क्वचितच विचारले गेले. त्या जागेला भेट देणारा रसिक हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो, कारण त्याला तिथे जायचे असते.

यात भाषेचाही एक पेच आहे. अभिजात संगीतातल्या ‘घराणे’ या शब्दात घर आहे. किराणा, ग्वाल्हेर, जयपूर-अत्रौली म्हटले की गाव आले, वाडा आला, उस्तादाची बैठक आली. तमाशाचा शब्द आहे ‘फड’. उसाचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड. वारकऱ्यांचेही फड असतात. या सगळ्यांत मोकळी जमीन आणि तिच्यावर काही काळापुरती जमलेली माणसे ही कल्पना आहे. काम संपले की फड उठतो. ‘फड उठला’ या शब्दांतच त्या जागेचे स्मारक होण्याची शक्यता संपते. संगीतबारीची गोष्ट वेगळी. तिला थिएटरे मिळाली. पुण्याचे आर्यभूषण किंवा लालबागचे हनुमान थिएटर यांची नावे रसिकाला तोंडपाठ असतात. ढोलकी फडाला, त्यातही तंबू-कनात घेऊन ट्रकांतून हिंडणाऱ्या फडाला, तसा एक पत्ता नाही.

पण मग नावांत गावे का असतात? माझ्या मते इथेच या विषयाची मेख आहे.

विठाबाई नारायणगावकर, दादू इंदुरीकर, काळू-बाळू कवलापूरकर, कांताबाई सातारकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, गुलाबबाई संगमनेरकर. मराठी आडनावांत गाव असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पण देशमुख-कुलकर्ण्यांच्या आडनावातले गाव आणि फडमालकाच्या नावातले गाव यांत फरक आहे. पहिल्यात वतन असते. दुसऱ्यात बहुतेक वेळा गावाने वेशीबाहेर ठेवलेली वस्ती असते. तमाशा वाढवला तो मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. ज्या गावाने आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याच गावाचे नाव ही माणसे ट्रकवर रंगवून गावोगाव हिंडली. कवलापूर सांगलीजवळ आहे हे आमच्याकडच्या लोकांना काळू-बाळूंमुळे कळले. इंदोरी म्हणजे मध्य प्रदेशातले इंदूर नव्हे, मावळातले गाव, हे ‘गाढवाचं लग्न’ गाजवणाऱ्या दादूंमुळे. गावकीने जे दिले नाही ते कलावंतांनी उलट गावाला दिले. अचलखांबांच्या आत्मकथनाचे नाव ‘गावकी’ असावे हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

हे नाव जन्मगावाचे असतेच असेही नाही. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. नारायणगाव हे फडाचे गाव. त्यांचे वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडाचे नाव होते ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. पुढे मुलीच्या फडावर नाव आले ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. या नावात चार गोष्टी आहेत : बाई स्वतः, वडील, जात आणि गाव. जात लपवायची नाही, उलट पाटीवर लिहायची, ही त्या पिढीची रीत होती. तिच्यात सक्ती किती आणि अभिमान किती हे आज वेगळे काढता येणार नाही, पण माझा कल अभिमान अधिक होता असे मानण्याकडे आहे, कारण तिकीट विकणारी पाटी कोणी लाजत लिहीत नाही. राज्य शासनाने २००६ पासून तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो ‘विठाबाई नारायणगावकर’ यांच्या नावाने. सन्मान योग्यच. पण त्या नावातून वडील गेले आणि जात गेली, गाव तेवढे उरले. हा बदल कोणी वाईट हेतूने केला असे मी म्हणत नाही. सुटसुटीत नाव सोयीचे असते. परंतु फडाचा पत्ता म्हणून जे एकच लिखित साधन होते, ते नाव, त्यातला अर्धा पत्ता पुसला गेला एवढे खरे.

नारायणगावला मी अनेकदा गेलो आहे. एका खेपेला बरोबर तात्या होते. म्हशाच्या वाटेवरच्या एका गावचे हे शेतकरी, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. तरुणपणी गावच्या पंचांबरोबर ते तमाशाची सुपारी द्यायला घाट चढून जात. आता त्यांच्या गावच्या यात्रेला ऑर्केस्ट्रा असतो. सुपारी द्यायची नाही, तरी तात्या फाल्गुन आला की नारायणगावला जाऊन येतात. घरचे विचारतात, तिथे काय बघायचे? तात्यांचे उत्तर ठरलेले : “राहुट्या बघायच्या.”

तात्या मुरबाडला एसटीत बसले, मी किन्हवलीहून येऊन सरळगावला. हा कल्याण-नगर रस्ता. टोकावडे, मोरोशी, मग माळशेजचा घाट. घाटाखाली भाताची खाचरे कोरडी पडलेली, चढून गेले की पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी आणि त्यापुढे ओतूर, जिथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. आळेफाट्याला उतरून दक्षिणेकडे वळायचे. पावसाळ्यात मुंबईची माणसे धबधब्यांसाठी या घाटात गर्दी करतात. तमाशाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. भातशेतीचा मुलूख आणि बाजरी-उसाचा मुलूख यांना जोडणारी ही वाट आहे. खाली भात कापून झाले, झोडून झाले, की जमीन रिकामी आणि हातात थोडा पैसा. फड खाली उतरत ते याच हिशेबाने. नारायणगावची माणसे आमच्या भागाला आजही ‘खाली कोकणात’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला आपण कोकणातले आहोत हे घाट चढल्यावरच आठवते.

नारायणगावचे आणखी एक वैशिष्ट्य सांगायचा मोह आवरत नाही. जवळच खोडद इथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे क्षीण तरंग टिपत असतात. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना नारायणगाव माहीत आहे ते त्यासाठी. आम्हाला ते तमाशाची पंढरी म्हणून माहीत आहे. दोन्ही यात्रेकरू एकाच स्टँडवर उतरतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

गुढीपाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक फडाची एक तात्पुरती कचेरी. पुढे फलक, कलावंतांची रंगीत चित्रे, आत सतरंजी, एक टेबल, व्यवस्थापक आणि त्याची वही. गावोगावचे पंच येतात, तिथी सांगतात, बिदागीवर घासाघीस होते, विसार दिला जातो. चैत्रातल्या मोठ्या तिथ्या आधी जातात, हनुमान जयंतीसारखी तारीख उशिरा आलेल्याला मिळत नाही. लिव्हरपूलला पाहुण्यासाठी सजवलेले घर असते, इथे पाहुणा चालू धंद्यात येऊन बसतो.

एका राहुटीत व्यवस्थापकाने तात्यांना विचारले, “बोला बाबा, तारीख कोणती?”

“तारीख नाही. बघायला आलोय.”

तो हसला नाही. “बसा की मग. चहा घ्या,” म्हणाला. मग तात्यांनी विचारले, “आमच्याकडं खाली येता का अजून?”

“म्हशाला येतो की. पण आतल्या गावांत जागा कुठं राहिलीय? तंबूला जागा लागते, बाबा. स्टेज मारायला काय, चौक पुरतो.”

तमाशा का मागे पडतो याची कारणे सांगताना आपण टीव्ही, मोबाइल आणि बदललेली अभिरुची यांच्याबद्दल बोलतो. त्या व्यवस्थापकाने एका वाक्यात जमिनीचे कारण सांगितले. ऑर्केस्ट्रा रस्त्यावर मावतो. कनातीच्या तमाशाला ट्रक वळतील, तंबू ताणता येईल, शेकडो माणसे मांडी घालून बसतील अशी, रात्रभर मोकळी राहणारी जमीन लागते.

मी त्याच्या वहीकडे पाहत होतो. वही काही मला चाळायला मिळाली नाही, मिळू नयेही, तो त्याचा धंदा आहे. पण तिच्या पानावर तिथी, इंग्रजी तारीख, गाव, तालुका आणि यात्रेच्या देवाचे नाव एका ओळीत लिहिलेले दिसले. फडाचा खरा पत्ता तो. एका हंगामाची वही म्हणजे त्या फडाने तुडवलेल्या मुलखाचा नकाशा. अशा वह्या हंगाम संपला की बहुधा रद्दीत जातात. २०२० मध्ये पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. त्या वर्षीची चैत्रातली पाने कोरी गेली, पुढच्या वर्षीचीही. तमाशाच्या इतिहासकाराला ती कोरी पानेसुद्धा हवी होती.

विठाबाईंची जी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ती या पत्त्याच्या प्रश्नाशी जवळून जोडलेली आहे. दिवस भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांना कळले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट कुठे घडली, असे मी जुन्या रसिकांना विचारत आलो आहे. प्रत्येकाने वेगळे गाव सांगितले, आणि एकाने तर आपल्याच तालुक्यातले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. ज्या रात्री आपण त्यांना पाहिले, त्याच रात्रीला ती गोष्ट जोडून घेण्याची ही रीत आहे. पण मला खटकते ते दुसरेच. ही गोष्ट आपण कलानिष्ठेची म्हणून सांगतो. भाषणांत, सत्कारांत, शालेय पद्धतीच्या लेखांत ती ‘केवढी ही निष्ठा’ म्हणून येते. गावाचे नाव त्यातून निघून गेले की तो तंबू, ते थंड जमिनीवरचे बाळंतपण, जवळ सुईण का नव्हती, त्या अवस्थेत बाईला सुट्टी का घेता आली नाही, हे सगळेही निघून जाते. जागा कळली असती तर कोणीतरी तिथे जाऊन विचारले असते, की या गावात त्या रात्री एकाही घराचे दार उघडे नव्हते का?

विठाबाईंना आणि त्यांच्या फडाला १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पदकाचा मान मिळाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या.

आता आमच्या भागाकडे येतो. मुरबाड–कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वर म्हसोबाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या-ब्लँकेटांची दुकाने, पाळणे आणि तमाशाचे तंबू. ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला बैलजोडी आणि तमाशा एकाच फेरीत मिळत असे. म्हशाचा माळ हा आमच्याकडचा एकमेव फडाचा पत्ता, जो अजून चालू आहे. बाकीच्या जागा मी गेली काही वर्षे शोधून नोंदवतो आहे. साधने दोन, जुनी हँडबिले आणि म्हाताऱ्यांची आठवण. हँडबिलावर गाव असते, जागा नसते. जागा माणसे सांगतात, आणि तीही झाड, खळे, नाला यांच्या खुणेने. उंबर तोडला गेला असेल तर तो कुठे होता यावर दोन म्हाताऱ्यांचे भांडण लागते, मग मी दोघांनी सांगितलेल्या जागा लिहून घेतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मी पाहिलेल्या या जागा बहुतेक दोन प्रकारच्या. एक, कापणी झालेली खाचरे. दुसरी, वरकस किंवा गुरचरणाची जमीन, जिच्यात नाचणी-वरीशिवाय काही होत नाही. म्हणजे ज्या जमिनीची त्या वेळी कोणाला गरज नाही ती. देवळासमोरची चांगली सपाट जागा तंबूला मिळाली असे मला फार थोड्या ठिकाणी आढळले. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ होई ती देवळासमोरच. रात्रभर वग रंगवलेले कलावंत डोळ्यांत झोप घेऊन देवापुढे गात, लोक पैसे उधळत, दुपारी कुस्त्या. रात्री गावाबाहेर, सकाळी देवळासमोर, जेवण पुन्हा गावाबाहेर झाडाखाली. एका दिवसात फड गावाच्या आत-बाहेर असा हलत असे आणि त्याची वाट ठरलेली असे. मला एका गावात ती वाट एका आजीने चालून दाखवली. नव्वदीच्या त्या बाईंना लावणीचा एक शब्द आठवत नव्हता. तमाशाला बायकांनी जायचे नाही अशी त्यांच्या घरची रीत होती. पण सकाळी हजेरीला जाताना नाचणाऱ्या बायका त्यांच्या परसाजवळून जात आणि त्यांनी त्यांना एकदा तांब्याभर पाणी दिले होते. “वरून ओतलं,” असे आजी म्हणाल्या, “भांडं हातात नाही दिलं. तवा तशीच रीत होती.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “ती लय दमल्याली होती.”

तमाशाच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही आणि कुठल्याही कॅसेटवर नाही. ते त्या परसात उभे राहिल्यावर मिळाले.

नारायणगावला तमाशाचे संग्रहालय असावे, पुतळे असावेत, अशा मागण्या होत असतात. त्या रास्त आहेत, आणि आजारी कलावंताच्या औषधाला पैसे असावेत ही मागणी त्याहून आधीची आहे. पण संग्रहालय झाले तर त्यात ढोलकी, तुणतुणे आणि शालू काचेत ठेवण्याआधी फडांच्या वह्या मागून घ्याव्यात. ज्या मालकांच्या घरी जुन्या वह्या ट्रंकेत असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. एकेका गावाच्या ओळीसमोर तिथल्या जागेची खूण लिहिण्याचे काम त्या गावचा एखादा तात्या आनंदाने करील.

माझ्या नोंदीतल्या जागांपैकी काही आता प्लॉटिंगमध्ये गेल्या आहेत, एकीवर मंगल कार्यालय आहे आणि एकीवर वीटभट्टी. एक खाचर मात्र जसेच्या तसे आहे. त्याच्या मालकाला मी बांधावर गाठले आणि इथे तमाशा होत असे हे खरे का, असे विचारले. माणूस चाळिशीचा, त्याने काही पाहिलेले नव्हते. पण त्या खाचराचे नाव त्याने लगेच सांगितले. सातबाऱ्यावर गट क्रमांक आहे, घरात मात्र सगळे त्याला ‘तंबूचं’ म्हणतात.

“का म्हणतात ते ठाऊक नव्हतं, दादा,” तो म्हणाला, आणि आईला विचारायला घराकडे निघाला.